पहिला लाँगबो स्वतः बनवायचाय? मग कोणतं डिझाइन घ्यायचं ते बघा

धनुष्य बनवायचं डोक्यात आलं की बहुतेकांना तोच हवा असतो, इंग्लिश लाँगबो, उंच, बारीक, आतून गोल पोटाचा (पोट म्हणजे खेचणाऱ्याकडची बाजू). माझं स्पष्ट मत आहे की पहिलं धनुष्य तो नको, पहिलं धनुष्य रुंद आणि चपटं करा, त्यातही पिरॅमिड फ्लॅटबो करा. का ते सांगतो.

इंग्लिश लाँगबो मुळात यू नावाच्या झाडाच्या लाकडासाठी जन्मलेला आहे. यूचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सोसतं, दोन्ही एकाच खोडात, त्यामुळे अरुंद आणि जाड आकार त्याला झेपतो. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोज हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावर असे शंभराहून जास्त धनुष्य मिळाले, आणि त्यांचं पाउंडेज (पूर्ण खेचायला लागणारा जोर, पाउंडात) अंदाजे १०० ते १८५ धरलं जातं. ती लढाईची हत्यारं होती, नवशिक्याच्या खांद्यासाठी नव्हती. आपल्याकडे हिमालयात यू आहे, थुनेर म्हणतात, पण ते झाडच धोक्यात आहे त्यामुळे तो विषय सोडून द्या. आपल्याला वखारीत मिळणार अॅश, ओक, नशीब चांगलं असेल तर हिकरी. ही लाकडं ताणाला छान टिकतात, पण पोटाच्या बाजूला दाब आला की लवकर थकतात, मग धनुष्य कायमचं वाकडं राहतं किंवा पोटावर बारीक आडव्या चिरा दिसायला लागतात. गोल पोट ठेवलं तर सगळा दाब मधल्या बारीक पट्टीवर येतो. चपटं ठेवलं की तोच दाब पूर्ण रुंदीवर वाटला जातो.

आता हे एक गणित नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. उलट्या बाजूने बघितलं तर १२ मिमी जाडीचा लिम्ब (हँडलच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) घासून ११ मिमी केला की जवळजवळ पाव ताकद गेली, म्हणजे ४० पाउंडचं धनुष्य ३१ वर आलं, एका मिलिमीटरमध्ये! म्हणून जाडी फार हळू कमी करायची आणि रुंदी सुरुवातीलाच भरपूर ठेवायची.

आणि चपटं धनुष्य म्हणजे काही स्वस्तातली सोय नाही बरं का. डेन्मार्कमधले होल्मेगार्डचे धनुष्य सुमारे ९ हजार वर्षं जुने, एल्म लाकडाचे, रुंद लिम्बांचे. अमेरिकेत १९३० च्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग वगैरे इंजिनिअर-शास्त्रज्ञ मंडळींनी मोजमापं घेऊन दाखवलं की चपटा छेद जास्त कार्यक्षम असतो.

पिरॅमिडच का, तर त्यात रुंदी हँडलपासून टोकापर्यंत सरळ रेषेत कमी होत जाते आणि जाडी जवळपास सारखीच राहते. टोकाकडे जाताना वाकवणारा जोर कमी होतो तशीच रुंदीही कमी होते, त्यामुळे लिम्ब आपोआप गोलाकार वाकतो आणि टिलरिंगचं, म्हणजे दोन्ही लिम्ब सारखे वाकवून घ्यायचं, अर्धं काम कागदावर रेघ मारतानाच होतं. नवीन माणसाला यापेक्षा मोठी मदत कुठलंच डिझाइन करत नाही.

मापं: आधी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे खेचता ते अंतर काढा, दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंतचं अंतर भागिले अडीच. कडक, म्हणजे न वाकणाऱ्या हँडलच्या धनुष्याची लांबी ड्रॉच्या दुप्पट अधिक १० ते १२ इंच ठेवा, म्हणजे २८ इंच ड्रॉ असेल तर ६८ इंच. लांबीत कंजुषी नको, छोटं धनुष्य दिसायला भारी पण तुटायलाही पटकन. मधे ४ इंच हँडल, दोन्हीकडे २-२ इंच उतार, तिथून पुढे ४५ मिमी रुंदी आणि टोकाला १२ मिमी. जाडी सुरुवातीला १४ मिमी. पाऊण इंच जाडीची फळी घेतली तर हँडलच्या जागी त्याच लाकडाचा वेगळा तुकडा इपॉक्सीने चिकटवायचा. पाउंडेज ३० ते ३५ ठेवा, जास्त नको, खेचताना हात थरथरला तर नेम शिकता येतच नाही.

फळी निवडायला मात्र वेळ द्या, दहा फळ्या उलटसुलट करून बघितल्या आणि एकही घेतली नाही तरी चालेल. ग्रेनच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मधेच कडेला निसटणारी रेघ म्हणजे तिथून ढलपी निघणार. गाठ नको, आणि लाकूड पूर्ण सुकलेलं हवं. सागवान दारं-खिडक्यांना उत्तम पण यासाठी मी सुचवणार नाही, पाइन तर नकोच. गावाकडे धामण मिळत असेल तर जरूर बघा, लवचिकपणासाठी ते जुनं नावाजलेलं लाकूड आहे. ज्यांना पूर्ण बांबूचं करायचंय त्यांचाही रस्ता चांगला आहे, आपल्याकडे तिरंदाजी स्पर्धांच्या इंडियन राउंड प्रकारात बांबूचंच धनुष्य चालतं, पण त्याची पद्धत वेगळी, ती या मापात बसवू नका.

टिलरिंग करताना लांब दोरी लावून भिंतीवर टांगा, कप्पी आणि लटकता वजनकाटा असला की काम सोपं होतं. दोन-चार इंच खेचा, लांबून बघा, जिथे कडक दिसतंय तिथे पोटाच्या बाजूने कानस किंवा स्क्रेपर, आणि जिथे जास्त वाकतंय तिथे हातच लावायचा नाही. पाठीला, म्हणजे समोरच्या बाजूला, शेवटपर्यंत हत्यार लावू नका, फक्त कडा पॉलिश पेपरने गोल करा. दर वेळी घासलं की २०-३० वेळा हळू खेचून घ्या म्हणजे लाकडाला बदल कळतो, मग पुन्हा बघा. आणि ३५ पाउंड ठरवलेत तर काट्यावर ३५ च्या पुढे कधीच जाऊ नका, ड्रॉ अजून १५ इंचच झाला असला तरी! तेवढ्या वजनात पूर्ण २८ इंच येईपर्यंत घासत राहायचं.

तयार झालं की दोरी आणि हँडलमधलं अंतर साधारण ६ इंच ठेवा, तेल किंवा वॉर्निश लावा, आणि बाण न लावता दोरी खेचून सोडू नका, कोणालाही सोडू देऊ नका. बाणही फार हलके नकोत, पाउंडमागे १० ग्रेन (बाणाच्या वजनाचं एकक) धरा, म्हणजे ३५ पाउंडला ३५० ग्रेन, साधारण २३ ग्रॅमचा बाण.