काँक्रीट रस्त्याचे सांधे : आखणी, तपासणी आणि निगा

काँक्रीट रस्त्याची बहुतेक दुखणी सांध्यापाशी सुरू होतात, म्हणून आराखडा, पाहणी आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक या तिन्ही वेळी पहिला विचार सांध्याचा करावा.

आयआरसी:58 (2015) या इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीट रस्त्यांच्या आराखड्याच्या मानकानुसार महामार्गाचा आराखडा साधारणतः 30 वर्षांसाठी केला जातो. दुपारी पॅनेलचा (दोन सांध्यांमधील काँक्रीटच्या लादीचा) वरचा पृष्ठभाग तापतो आणि अवजड वाहनाच्या भाराने तडा खालून वर येतो. पहाटे याच पॅनेलच्या कडा वर उचलल्या जातात, आणि दोन्ही टोकांवर एकाच वेळी ट्रकचे आस आले की तडा वरून खाली उतरतो. या दोन्ही स्थितींतील थकव्याची (वारंवारच्या भाराने काँक्रीटला होणाऱ्या हानीच्या गुणोत्तराची) बेरीज 1 च्या आत राहावी लागते. विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागात पॅनेलच्या वरच्या आणि खालच्या तापमानात सुमारे 20 अंशांचा फरक गृहीत धरावा लागतो, त्यामुळे नुसती जाडी वाढवून भागत नाही आणि आडव्या (रस्त्याच्या रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या) सांध्यांतील अंतर 4.5 मीटरच्या आसपासच ठेवावे लागते. खाली काळी माती असेल तर मुरमाचा जाड थर आणि पाण्याचा निचरा यांत काटकसर करू नये. त्यावर 150 मिमी डीएलसी (कमी सिमेंटचे कोरडे काँक्रीट), मग प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पीक्यूसी (वाहने ज्यावरून धावतात ते मुख्य काँक्रीट) असा क्रम असतो; पॅनेलला आकुंचन-प्रसरणासाठी सरकता यावे, एवढ्यासाठीच तो कागद असतो.

आडव्या सांध्यातील डॉवेल बार (एका पॅनेलवरचा भार शेजारच्या पॅनेलवर पोचवणाऱ्या सळया) गुळगुळीत असतात आणि ते रस्त्याच्या मध्यरेषेला व पृष्ठभागाला समांतरच बसले पाहिजेत. वाकडा बसलेला बार सांधा जखडून टाकतो आणि तडा शेजारीच उमटतो. उभ्या (रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या) सांध्यातील टाय बार (दोन पॅनेल एकत्र धरून ठेवणाऱ्या सळया) मात्र पीळदार असतात. सांधा पाडण्यासाठी नव्या काँक्रीटची यंत्राने कापणी पॅनेलच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत करावी. तिची वेळ घड्याळावर ठरवू नये: पाते फिरताना खडी उपटली जात असेल तर थोडे थांबावे, आणि कड स्वच्छ येऊ लागली की क्षणाचाही उशीर करू नये. उन्हाळ्यात दुपारच्या ओतकामाची कापणी रात्री येते, तेव्हा जादा कटर आणि जनरेटर जागेवर असावा. (पहाटे कामगार येतील तेव्हा कापू, असे म्हणणाऱ्याच्या रस्त्यावर तडे आधीच हजर असतात.)

पाहणीसाठी पहिल्या दमदार पावसानंतरचा दिवस निवडावा. सांध्यालगत किंवा साइडपट्टीवर मातकट ओघळ दिसला तर पॅनेलखालची बारीक माती पाण्याबरोबर बाहेर फेकली जात आहे, असे समजावे. सांध्यावर सरळ पट्टी आडवी धरून दोन पॅनेलमधील उंचीचा फरक मोजावा. सांध्यातून भार शेजारच्या पॅनेलवर कितपत पोचतो याची चाचणी एफडब्ल्यूडी यंत्राने (वजन पाडून रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या यंत्राने) पहाटेच्या गारव्यात करावी, कारण दुपारी पॅनेल फुगून सांधे मिटलेले असतात आणि निकामी डॉवेलही उत्तीर्ण होतात.

सीलंट (सांधा बुजवणारे लवचीक भरण) बदलण्याचे काम मेअखेर उरकावे. जुने सीलंट पूर्ण काढून, दोन्ही भिंती घासून, हवेच्या झोताने धूळ उडवून सांधा कोरडा करावा आणि मग बॅकर रॉड (सीलंटखाली बसणारी फोमची दोरी) दाबून बसवावा. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटले पाहिजे. तळालाही चिकटले तर ते ताणले जाताना फाटते. भरणा पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवावा, नाहीतर टायर तो उपटून नेतात.

कड तुटलेली असल्यास हातोडीने ठोकून पाहावे, पोकळ आवाज येतो त्या भागाच्या पुढे जाऊन आयताकृती काप घ्यावा आणि भरताना सांध्याची रेषा पट्टीने मोकळी राखावी. ती बुजली तर पॅनेल प्रसरण पावताच नवा तुकडा उडतो. उभ्या तड्याला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने तिरपी छिद्रे पाडून इपॉक्सीत सळया बसवाव्यात. आडवा तडा मात्र असा शिवू नये, विशेषतः शेजारचा सांधा जखडलेला असेल तेव्हा; तिथे पूर्ण जाडीचा भाग काढून नवे डॉवेल बसवणेच योग्य ठरते.