व्हेंडिंग मशीनच्या माहितीपत्रकाला उत्तर येत नव्हते : माझा अनुभव
भोसरीच्या एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या व्हेंडिंग मशीनसाठी जागा मागणारी आमची माहितीपत्रके कारखान्यांच्या स्वागतकक्षातच पडून राहत. चकचकीत आर्ट पेपर, मोठी छायाचित्रे, जास्त प्रती यांनी काहीही फरक पडला नाही, वैताग आला.

उपाय असा : प्रथम प्रशासन अधिकाऱ्याचे नाव विचारून पत्रकावर घातले. मग ए-४ च्या एकाच बाजूवर, याच क्रमाने, मशीनची लांबी-रुंदी, लागणारा सॉकेट, वीजबिल कोण भरणार, माल कोण व केव्हा भरणार, ठराविक भाडे की विक्रीतील हिस्सा, आणि शेवटी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक छापला. कागद मॅपलिथो (चकाकी नसलेला साधा छपाईचा) घेतला, कारण त्यावर पेनाने शेरा मारून तोच कागद वरिष्ठांकडे पाठवता येतो (आर्ट पेपरवर शाई फिसकटते). पत्रक हातात देतानाच जागा मोजण्याची वेळ ठरवली. रात्रपाळीत कँटीन बंद असणाऱ्या कारखान्याने पहिला होकार दिला.