वर्तन विश्लेषक होताय? शिकतानाच या चुका टाळा

"मूल चावतं, काय करू?" एबीए म्हणजे अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, वर्तनामागचं कारण शोधून ते बदलायला मदत करणारं शास्त्र. ते शिकायला लागलेली मंडळी मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. घसरायला सुरुवात इथेच होते. 'का चावतं' हे विचारायचं राहून जातं आणि उपायाची घाई होते.

मी शिकाऊ असताना माझ्याकडे नऊ वर्षांचा एक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगा होता. गिरवायला बसवलं की पाच मिनिटांत पाटी भिरकावायचा. मी दरवेळी त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन मिनिटं बसवायचे. तीन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या तर पाटी फेकणं जवळपास दुप्पट झालेलं. सुपरवायझर मॅडमनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "खुर्चीत बसल्यावर त्याला काय करावं लागत नाही?"

लिहावं लागत नव्हतं. मी जिला शिक्षा समजत होते ती त्याची सुटका होती, आणि ती मीच त्याला रोज देत होते.

वर्तनामागे ढोबळमानाने चार कारणं शोधतात: कुणाचं लक्ष हवंय, नकोशा कामातून सुटायचंय, एखादी वस्तू हवीय, किंवा त्या कृतीतून शरीरालाच काही मिळतंय. चावणं तेच, पण दोन मुलांत कारणं दोन. म्हणून आधी काही दिवस फक्त नोंदी ठेवा: आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'चिडला' असं लिहू नका. 'पाटी दोन्ही हातांनी ढकलली' असं लिहा.

त्या मुलाला आम्ही 'थांबूया' असं चित्रकार्ड दिलं. कार्ड पुढे केलं की काम लगेच बंद. त्रासदायक वर्तनाची जागा मागण्याच्या सोप्या पद्धतीने घ्यायची, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. फेकाफेक ओसरली तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की पेन्सिल धरताना त्याची बोटं दुखतात. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. हे पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं, याची खंत मला अजून आहे.

दुखणं तपासायचं राहून जातं

न बोलणारी व्यक्ती अचानक डोकं आपटायला लागली तर नोंदींचा तक्ता नंतर भरा, आधी डॉक्टरांकडे पाठवा. दात, कान, बद्धकोष्ठता, मुलींच्या बाबतीत पाळीचं दुखणं.

'दुर्लक्ष करा' हा अर्धा सल्ला

लक्ष मिळण्यासाठी होणाऱ्या वर्तनाकडे दुर्लक्ष केलं की ते आधी वाढू शकतं. घरच्यांना ही कल्पना दिली नाही तर रडणं टिपेला पोचतं आणि आई हार मानते. मूल शिकतं की एवढ्या मोठ्याने रडावं लागतं. दोष आईचा नाही, न सांगणाऱ्याचा आहे. लक्ष मागायची दुसरी रीत आधी शिकवा. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाकडे मात्र पाठ फिरवायची नसते.

सर्टिफिकेटच्या मागे धावताना

वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारं अमेरिकेतलं बीएसीबी हे मंडळ १ जानेवारी २०२३ पासून मोजक्या देशांतल्या रहिवाशांचेच अर्ज घेतं. पुण्यात राहून बीसीबीए, म्हणजे या मंडळाचा प्रमाणित वर्तन विश्लेषक होता येईल असं कुणी सांगत असेल तर फी भरण्याआधी मंडळाचे नियम स्वतः वाचा. इथे पुनर्वसन क्षेत्रात काम करायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचा कोर्स आणि नोंदणी यांचाही विचार करा. चाळीस तासांचं प्रशिक्षण हे देखरेखीखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञाचं असतं. तेवढ्यावर केस स्वतंत्रपणे घेऊ नका.

मुलाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यासाठी टाकणं, पालकांकडून महागडी भेट घेणं हेही शिकतानाच सोडा. बीएसीबीच्या २०२२ च्या आचारसंहितेत भेटवस्तूची मर्यादा दहा डॉलर आहे. पहिल्याच भेटीत हे मोकळेपणाने सांगितलं की दिवाळीत कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

मुलाला 'साधं' दिसायला लावणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. 'नजरेला नजर दे', 'हात हलवू नकोस' अशी उद्दिष्टं आजही लिहिली जातात. हात हलवल्याने कुणाचं नुकसान होतंय? बऱ्याचदा कुणाचंच नाही, उलट मुलाला शांत वाटतं. या शास्त्राचा इतिहास स्वच्छ नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात मुलांना मांडीवर चापट मारणंही उपचाराचा भाग होतं. तेव्हाची मुलं आज मोठी झाली आहेत आणि ऑटिस्टिक प्रौढ आपले अनुभव मांडत आहेत. ते कोर्सच्या पुस्तकाइतकंच मन लावून ऐका.

पालकांनी फॉर्मवर सही केली म्हणजे मुलाची तयारी आहे असं होत नाही. मान वळवणं, टेबल ढकलणं, दाराकडे जाणं हा त्याचा नकार आहे. मूल दारातच अडून उभं राहिलं तर हात धरून आत आणू नका. सामान बाजूला ठेवा, तिथेच जमिनीवर बसा आणि त्याला काय नको आहे ते पाहा.