जुन्या फोर्डचा सेल्फ कण्हतोय? आधी अर्थ (बॅटरीची गाडीच्या बॉडीशी जोडणी) बघा

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या गॅरेजात शिरलं आणि आजोबांच्या 1930 च्या फोर्ड मॉडेल एचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, कण्हायला लागला. बडोद्यातल्याच एका इलेक्ट्रिशियननं "काका, सेल्फ गेला" म्हणत तो उतरवून वाइंडिंग (आतल्या तारा नव्यानं गुंडाळणं) करून आणला. वर आजच्या गाड्यांच्या दोन बारीक केबली घातल्या. इंजिन आधीपेक्षाही हळू फिरायला लागलं.

ही गाडी 6 व्होल्टची. तेवढ्याच ताकदीला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. सेल्फ 200 अँपिअर ओढतोय आणि वाटेत 0.005 ओहमचा गंज आहे, तर 1 व्होल्ट तिथेच खलास. सहातला एक! म्हणून मी 70 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल टाकली.

दोष शोधायला मल्टीमीटर पुरतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बंद; या गाडीचा सेल्फ पायाच्या बटणावर फिरतो, त्याला किल्ली लागत नाही. बटणावर कुणाला तरी बसवा. आमच्याकडे बायको बसते, शेरे फुकट. बटण दाबलेलं असतानाच मोजायचं, आणि मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर (खुंटीवर) लावायचं, केबलच्या क्लॅम्पवर नाही. आधी निगेटिव्ह पोस्ट ते सेल्फवरचा केबलचा बोल्ट, मग पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फची बॉडी. हो, या गाडीत अर्थ पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे बॅटरी सोडवतानाही पॉझिटिव्ह आधी काढा. पाव व्होल्टच्या वर आकडा आला की दोष त्याच वाटेवर.

माझ्याकडे दुसऱ्या मोजणीत 1.4 आले. अर्थची पट्टी चेसिसला जिथे आवळलेली, तिथे खाली पुराचा गाळ आणि वर कुणीतरी मारलेला रंग. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडलं, बोल्ट आवळला, मग वरून व्हॅसलिन. वाइंडिंगचे पैसे पाण्यात.

दोन्ही वाटा ठीक, पण पोस्टवरच व्होल्टेज साडेचारखाली जातंय? बॅटरी बघा. बॅटरीही ठणठणीत आणि सेल्फ मुका, तर स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश. सेल्फ नुसताच गरगरतो, इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स (सेल्फला इंजिनच्या दातांशी जोडणारा भाग) रॉकेलनं धुवा. तेल मुळीच नको, धूळ चिकटते.

कापडी वेष्टणाच्या वायरी वाकवून बघू नका. आतलं रबर बिस्किटासारखं तुटतं. कारखान्यातून या गाडीला फ्यूज आलाच नव्हता. सेल्फच्या बोल्टवरून बाकीच्या वायरिंगला जाणाऱ्या वायरीत 30 अँपिअरचा बसवून घ्या.