जुना फ्लॅगशिप अरेंजर की-बोर्ड घ्यावा का? इसार देण्याआधी काय तपासायचं

लग्नसराई उरकली की ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांचं सामान विकायला निघतं. त्यात एखादा यामाहा टायरॉस किंवा कोर्ग पीए निघाला की नव्या वादकाचा जीव त्यात अडकतो. हे अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल, बेस आणि गिटारची साथ स्वतः वाजवणारे की-बोर्ड. त्यातही फ्लॅगशिप, म्हणजे आपल्या काळातलं सगळ्यात वरचं मॉडेल, आणि तेही हातात येईल अशा भावात. अशा वाद्याचा आवाज पंधरा वर्षांनीही तसाच असतो. झिजतात ती कीखालची रबरं, बटणं, हार्ड डिस्क आणि जॅक. म्हणून दोन गोष्टी पाहायच्या: त्याची ताकद तुमच्या कामात खरंच वापरली जाणार आहे का, आणि झिजणारे भाग किती झिजले आहेत.

१. आधी स्वतःचं काम तपासा

तुमच्या पार्टीत ढोलकीवाला आणि ऑक्टोपॅडवाला दोघंही असतील, तर कार्यक्रमात अरेंजरचा ताल बंदच राहतो. उरतं काय? सनई, बासरी, व्हायोलिन, ॲकॉर्डियन, स्ट्रिंग्ज. एवढ्यासाठी अरेंजर फ्लॅगशिप घेणं म्हणजे शेत सोडून विहिरीलाच कुंपण घालणं. चांगला सिंथेसायझर कमी पैशात तेच काम करतो आणि वजनालाही हलका पडतो.

एकट्याने किंवा दोघांनी कार्यक्रम करणारा, भीमगीतं किंवा कव्वालीच्या कार्यक्रमात डाव्या हाताने कॉर्ड धरून बेस आणि गिटारची साथ उभी करणारा, घरी चाली बांधून रेकॉर्ड करणारा, अशा माणसाला मात्र अरेंजरचा पैसा वसूल होतो. भजनी मंडळासाठी विचार चालू असेल तर तिथे पेटी आणि मृदंगाची जागा कुठलाही टायरॉस घेणार नाही. पैसे वाचवा.

आठवड्यातून किती वेळा तो टेम्पोत चढणार हेही मोजा. यामाहाचा जेनोस नुसता १३ किलोचा आहे, त्यावर हार्डकेसचं वजन वेगळं. ७६ कींचं वाद्य केससकट एकट्याने उचलून मंडपाच्या पायऱ्या चढणं जिकिरीचं असतं.

२. कोणत्या पिढीचा आहे ते ओळखा

यामाहाचा पहिला टायरॉस २००२ चा. त्यानंतर टायरॉस २ (२००५), टायरॉस ३ (२००८), टायरॉस ४ (२०१०), टायरॉस ५ (२०१३), मग जेनोस (२०१७) आणि जेनोस २ (२०२३). कोर्गकडे पीए३एक्स (२०११), पीए४एक्स (२०१५) आणि पीए५एक्स (२०२२) अशी रांग आहे.

पहिल्या टायरॉसला फ्लॉपी ड्राइव्ह आहे. तो आज फक्त हौसेसाठी घ्यावा, रोजच्या कामाला नको. टायरॉस २ आणि ३ मध्ये बाहेरून टाकलेले सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, रॅममध्ये बसतात, म्हणजे वीज गेली की मेमरी रिकामी. मंडपात जनरेटर दोन सेकंद बंद पडला तरी तुमची ढोलकी आणि संबळ पुन्हा लोड करावी लागते आणि गायक माइक धरून उभा राहतो. आपल्याकडच्या विजेचा भरवसा पाहता एवढ्या एका कारणासाठी टायरॉस ४ च्या खाली उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टायरॉस ४ आणि ५ मध्ये सॅम्पल फ्लॅश मेमरीत राहतात, वीज गेली तरी जात नाहीत. पण ती फ्लॅश वेगळी घ्यावी लागत होती: एफएल५१२एम किंवा एफएल१०२४एम नावाचं मॉड्यूल. ज्यात ते बसवलेलंच नाही त्या टायरॉसमध्ये बाहेरचे सॅम्पल जाणार नाहीत, आणि नवं मॉड्यूल आज सहज मिळत नाही. जेनोसमध्ये १.८ जीबी मेमरी मुळातच दिलेली आहे.

स्पीकरचंही लक्षात ठेवा. टायरॉसला स्वतःचे स्पीकर नाहीत, ते वेगळे जोडायचे असतात. घरी सरावाला हेडफोन किंवा मॉनिटर लागतीलच, तो खर्च आधीच धरा.

३. फोनवर विचारून घ्या

शंभर किलोमीटर जाण्याआधी पाच प्रश्न पुरतात. बिल आहे का, आणि मागच्या पट्टीवर सिरियल नंबर शाबूत आहे का? फ्लॅश मॉड्यूल बसवलं आहे का? कधी उघडला होता का, आणि कशासाठी? मागच्या पट्टीवर व्होल्टेज किती लिहिलंय? शेवटचा कार्यक्रम कधी वाजवला?

व्होल्टेजचा प्रश्न विसरू नका. अमेरिकेतून आलेलं वाद्य १२० व्होल्टचं आणि जपानमधून आलेलं १०० व्होल्टचं असू शकतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलं की पॉवर सप्लाय जळतो. पट्टीचा स्पष्ट फोटो मागवा. दुबईहून आणलेल्याची त्या बाबतीत काळजी नसते, तिथे आपल्यासारखाच पुरवठा आहे.

शेवटच्या कार्यक्रमाचा प्रश्न वरवर साधा वाटतो. दोन वर्षं कपाटात पडलेल्या की-बोर्डपेक्षा परवाच वाजलेला बरा. बंद पडून राहिलेल्यात धूळ, दमट हवा आणि झुरळं घर करतात.

४. प्रत्यक्ष तपासणी: निवांत दीड तास काढून जा

सोबत हेडफोन आणि त्याचा ६.३५ मिमीचा अडॅप्टर, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, सस्टेन पेडल, दोन जॅक केबल, एक माइक आणि टॉर्च घ्या. फोनमध्ये ट्यूनर ॲप असू द्या.

आल्या आल्या की-बोर्ड चालू करा आणि तो ताल लावून तसाच वाजत राहू द्या. पॉवर सप्लायमधले आणि सोल्डरिंगमधले काही दोष तापल्यावरच दिसतात, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या पाहणीत ते हाती लागत नाहीत. बाकीची तपासणी त्याच वेळात करा.

कींपासून सुरुवात करा, कारण दुरुस्तीचं मोठं काम तिथेच निघतं. प्रत्येक कीखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या आत काळ्या कार्बनचे दोन ठिपके. की दाबली की आधी एक ठिपका सर्किटला टेकतो, मग दुसरा. या दोघांमध्ये गेलेला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही हळू वाजवलं की जोरात. एका ठिपक्यावर धूळ बसली की हा हिशेब चुकतो: की एकतर मुकी राहते, नाहीतर हळू दाबली तरी तोफेसारखी वाजते.

हे पकडायचं असेल तर पियानोचा आवाज लावा, बाकी सगळे भाग बंद करा, टच सेन्सिटिव्हिटी नॉर्मलवर ठेवा. डाव्या टोकापासून प्रत्येक की, पांढरी आणि काळी दोन्ही, तीनदा दाबा: अगदी हळू, मध्यम, जोरात. गाणं वाजवून ही तपासणी होत नाही, कारण बोटं आपोआप बिघडलेली की सांभाळून घेतात. मधल्या दोन सप्तकांत, म्हणजे गाणी जिथे रोज वाजतात तिथे, जास्त लक्ष द्या.

दोन-चार कींचा दोष असेल तर घाबरू नका. जाणकार कारागीर की-बेड उघडतो, रबराची पट्टी काढतो, पट्टी आणि सर्किटवरचे कार्बन आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसतो, आणि वाळल्यावर पुन्हा बसवतो. पेट्रोल किंवा थिनर लावलेला असेल तर मात्र कार्बनच निघून जातो आणि नवी पट्टीच घालावी लागते. दहा-बाराहून जास्त की रुसल्या असतील, तर नव्या पट्ट्या आणि मजुरी भावातून कापूनच बोला.

मग आफ्टरटच. सॅक्सोफोन किंवा स्ट्रिंग्जचा असा आवाज लावा ज्यात की धरून आणखी दाबली की कंप येतो. टायरॉस आणि जेनोसला ही सोय आहे. मधल्या श्रेणीतल्या पीएसआर-एसएक्स९०० ला ती नाही, म्हणून फ्लॅगशिपचे पैसे देताना ती चालू असलीच पाहिजे.

पिच बेंड वेगळा तपासा, कारण आपलं सगळं संगीत मींडेवर उभं आहे. ट्रान्सपोज शून्यावर आणि ट्यूनिंग ४४० वर आणा. एक लांब सूर धरा, चाक किंवा जॉयस्टिक पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन झटकन सोडा. ट्यूनरवर सूर मूळ जागी परत आला पाहिजे. थोडा वर किंवा खाली लटकत राहत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजलाय. अशा वाद्यावर बासरी वाजवली की गायकाला आपणच बेसूर झाल्यासारखं वाटतं.

बटणं एकेक दाबा. एकदा दाबल्यावर दोनदा लागतंय का, जोर द्यावा लागतोय का? स्टार्ट-स्टॉप, व्हेरिएशन (तालाचा प्रकार बदलणारी) आणि रजिस्ट्रेशनची (आवाज-तालाची साठवलेली मांडणी एका दाबात आणणारी) बटणं सगळ्यात आधी जातात. डेटा डायल सावकाश फिरवा. आकडे पुढे जाता जाता मागे उडत असतील तर एन्कोडर गेलाय. स्लायडर हलवताना खरखर येते का ऐका. पीए३एक्स, पीए४एक्स आणि जेनोसला टच स्क्रीन आहे, त्यामुळे चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. टायरॉस ५ पर्यंत यामाहाचा पडदा स्पर्शाचा नाही, तो फक्त सगळीकडे सारखा उजळ आहे का ते बघा.

जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर आतल्या सोल्डरला तडा गेलाय. मंडपात कुणीतरी केबलला पाय अडकवतं, त्याचा हा परिणाम. डावं आणि उजवं आउटपुट वेगवेगळं ऐका, माइकचं इनपुटही. टॉर्चने मागच्या फटी आणि स्क्रूची डोकी पाहा. डोकी घासलेली असतील तर वाद्य उघडलेलं आहे, आणि फोनवर दिलेलं उत्तर आठवा.

काही तथाकथित बिघाड सेटिंगचे असतात. लोकल कंट्रोल, म्हणजे की आणि आतले आवाज जोडणारं सेटिंग, बंद असेल तर एकही की वाजत नाही. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय काढल्यावर सूर लांबत असेल, तर दोन कंपन्यांच्या पेडलांची ध्रुवता वेगळी असल्याने तसं होतं. टच बंद केलेला असेल तर सगळ्या की एकाच जोराने वाजतात. ‘बिघडलेला’ म्हणून स्वस्तात दिलेलं वाद्य कधी कधी एवढ्याने सुरू होतं. पण अशा आशेवर पैसे लावू नका, तिथेच सुरू करून बघा.

५. हार्ड डिस्क, ताल आणि सॅम्पल

टायरॉस ४ मध्ये २५० जीबीची आणि टायरॉस ५ मध्ये ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टेम्पोत फिरलेली डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. ती गेली तरी कंपनीचे मूळ आवाज शाबूत राहतात. जातात ते तुम्ही साठवलेले ताल, गाणी आणि रजिस्ट्रेशन. एक मोठं फोल्डर उघडा, त्यातून पेनड्राइव्हवर काही फाइली कॉपी करा. कान लावून पाहा, टकटक आवाज येतो का? फोल्डर उघडायला फार वेळ लागत असेल तर डिस्क बदलण्याचा खर्च धरूनच भाव बोला.

विकणारा म्हणेल, ‘पेनड्राइव्हमध्ये दहा हजार स्टाइल देतो.’ त्याला भुलू नका. स्टाइल म्हणजे नुसती सूचना: या क्षणी अमुक ड्रम किटमधला अमुक आवाज वाजव. ज्या किटवर ती बनली ती तुमच्या वाद्यात नसेल, तर ढोलकीच्या जागी काँगा नाहीतर भलताच आवाज निघतो. हलगी, संबळ, दिमडी, ढोलकी यांचे सॅम्पल आत बसलेले असतील तरच त्या तालांना अर्थ आहे. विकणाऱ्याला गोंधळाचा, लावणीचा आणि साध्या केहरव्याचा ताल समोर वाजवून दाखवायला सांगा. शिवाय टायरॉस ३ पासून आलेल्या नव्या पद्धतीच्या स्टाइल टायरॉस २ वर चालत नाहीत. कोर्गमध्येही जुन्याचा सेट (आवाज आणि तालांचा साठवलेला संच) नव्यावर चढतो, नव्याचा जुन्यावर नाही.

विकत घेतलेले सॅम्पल पॅक बहुधा त्या एकाच वाद्याच्या ओळख क्रमांकाला बांधलेले असतात. म्हणून पॅकच्या मूळ फाइली वाद्याबरोबरच घ्या. मेमरी कधी पुसावी लागली तर त्या नसताना पॅक परत येणार नाही.

६. भाव ठरवताना

तुलना जुन्या किमतीशी करू नका. ‘घेतला तेव्हा इतक्याचा होता’ हा आकडा आज निरुपयोगी आहे. तुलना दुकानात वॉरंटीसह मिळणाऱ्या मधल्या श्रेणीच्या नव्या मॉडेलशी करा. एसएक्स९०० सारख्या वाद्यात टच स्क्रीन, अंगचे स्पीकर आणि सुमारे १ जीबी सॅम्पल मेमरी आहे, वजन ११.५ किलो. जुना टायरॉस ५ त्याहून सरस ठरतो तो आफ्टरटच, ७६ कींचा पर्याय आणि सुपर आर्टिक्युलेशन २ च्या, म्हणजे खऱ्या वादकाच्या लकबी उतरवणाऱ्या, फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या आवाजांमुळे. या तीन गोष्टी तुम्हाला लागत नसतील तर नवं घ्या.

लागत असतील, तर आमचा हिशेब असा: मागितलेल्या किमतीत की-बेडची साफसफाई, नवी डिस्क आणि दुरुस्तीला पुणे, मुंबई किंवा हैदराबादला नेण्या-आणण्याचा खर्च मिळवा. बेरीज नव्या मधल्या मॉडेलच्या दोन तृतीयांशापेक्षा वर जात असेल तर टायरॉस ४, टायरॉस ५ किंवा पीए३एक्स सोडून द्या. जेनोस किंवा पीए४एक्सला यापेक्षा थोडं जास्त देता येतं, त्यांचे भाग अजून तुलनेने मिळतात. टायरॉस ४ मध्ये फ्लॅश मॉड्यूल नसेल तर मोठी सूट मागा, नाहीतर परत या.

ठरलं तर साध्या कागदावर सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, जोडीला विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्याचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर काढा. तोवर फॅक्टरी रीसेटला हात लावू नका. मंडपात वाजवणार असाल तर ६०० व्हीएचा यूपीएस मध्ये लावा, म्हणजे जनरेटर बदलताना वाद्य बंद पडणार नाही आणि व्होल्टेजचे झटकेही थेट आत जाणार नाहीत. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत केस ठेवून जेवायला जाऊ नका, आतली रबरं आणि गोंद त्या उन्हात कडक होतात. वाजवून झालं की सुती कापड टाका, प्लास्टिक नको, त्यात घाम धरतो.