मेथी बाजूला ठेवा, मग मल्याळम सिनेमा लावा

"मल्याळम सिनेमे काय भारी असतात!" असं हल्ली बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी म्हणतंच. कोणता पाहिलास विचारलं की 'दृश्यम' निघतो, तोही अजय देवगणचा. निशिकांत कामतांनी तो 2015 मध्ये चांगलाच केला होता, वाद नाही. पण जीतू जोसेफचा मोहनलालवाला मूळ सिनेमा 2013 चा. त्यानंतर तिकडे बरंच काही घडलंय. माझी सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात, केरळच्या सिस्टर्सच्या संगतीत गेली, त्यामुळे मला हा नाद जुना. भाचेसुना आणि शेजारणी सारख्या विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर दांडिया बाजारात येऊन भांडा.

पहिलं काम म्हणजे डबिंग बंद करा. टीव्हीवरचं ॲप आपल्याला विचारत नाही, हिंदी आवाज सुरू करून मोकळं होतं. ऑडिओमध्ये जाऊन मल्याळम निवडा, सबटायटल चालू करा आणि त्यांचा आकार मोठा करा. सेटिंगमध्ये ती सोय असते, पण चष्मेवाल्यांनाही ती माहीत नसते. हिंदी डबिंगमध्ये आजोबा, पोलीस, चहावाला सगळे एकाच आवाजात बोलतात आणि नट फुकट जातो.

दुसरं, हात रिकामे ठेवा. मेथी निवडत, शेंगा सोलत सिनेमा बघायची सवय असेल तर मराठी मालिका बऱ्या. इथे मान खाली गेली की दोन वाक्यं गेली, आणि त्याच दोन वाक्यांत कुणाचं कुणाशी काय नातं ते सांगून झालेलं असतं.

सबटायटल वाचायचीही एक पद्धत आहे. एका नजरेत ओळ उचला आणि लगेच चेहऱ्यावर जा. थिएटरात गंमत बघा: ओळ आधी येते, म्हणून वाचणारे आपण आधी हसतो, आणि मागच्या रांगेतली केरळची मुलं नटाचं वाक्य संपल्यावर हसतात. कधी तीच मुलं अशा जागी फुटतात की आपल्याला कळतच नाही काय झालं. तिथे त्रिशूरची किंवा कोचीची बोली असते, ती सबटायटलमध्ये उतरत नाही. शेजारी कुणी मल्याळी असेल तर मध्यंतरात खुशाल विचारा. फार आनंदाने सांगतात.

थिएटरचं म्हणाल, तर बडोद्यात मल्याळम सिनेमा लागतो, पण लाजत लाजत. एखाद-दुसरा शो, तोही अडनिड्या वेळी, आणि पुढच्या शुक्रवारी गायब. गुरुवारी संध्याकाळी बुकिंगच्या ॲपवर भाषा मल्याळम निवडून बघा, सबटायटल आहेत का ते खिडकीवर विचारा आणि पहिल्या तीन दिवसांतच जा. चुकला तर हळहळू नका, महिना-दोन महिन्यांत बहुतेक सिनेमे घरी येतात.

आता कुठून सुरुवात करायची? सबटायटलची भीती असेल तर पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' लावा. 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळवलेला. मुंबईतल्या मल्याळी नर्सेसची गोष्ट, पण अधूनमधून हिंदी-मराठी कानावर पडत राहते आणि छाया कदम आहेच. ती कोकणात परत जाते तिथे आपली माणसं सावरून बसतात. घरात कॉलेजची पोरं असतील तर 'प्रेमलू'. हैदराबादेत घडणारी साधी प्रेमकथा, कुणाचंही डोकं न खाणारी. प्रायोगिक नाटकं बघून वाढलेल्यांनी 'आट्टम' सोडू नये. एका नाटकमंडळीतले बारा पुरुष आणि एक बाई, एका रात्री तिच्या बाबतीत काहीतरी घडतं, आणि मग बारा जण बसून ठरवतात की घडलं की नाही. दर दहा मिनिटांनी तुमचं मत बदलेल. सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला, आणि या वेळी परीक्षकांशी माझं भांडण नाही.

'किष्किंधा काण्डम'साठी मात्र वेगळी तयारी लागते. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही असं वाटेल. जंगलाला लागून घर, निवृत्त फौजी म्हातारा, त्याचा मुलगा, मुलाची नवी बायको. निवडणूक लागलीय म्हणून परवान्याची बंदूक जमा करायची, आणि बंदूक सापडत नाही. आसपास माकडं. एवढ्यावर आमच्याकडे "हं, पुढे?" सुरू झालं होतं. तिथे रिमोटला हात लावू नका, घराकडे लक्ष ठेवा. म्हातारा काय लपवतो, काय जाळतो, कुणाशी बोलताना क्षणभर अडखळतो. विजयराघवनने हे इतकं कोरडेपणाने केलंय की तो विसरतोय, चिडतोय की आपल्याला फसवतोय हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. घरात विसरायला लागलेलं माणूस असेल तर हा सिनेमा जड जाईल, आधीच सांगते. कथा कुणाला फोडू नका, शेजारणीलाही नाही.

'उळ्ळोळुक्क' बडोदेकरांनी बघायलाच हवा. केरळातल्या कुट्टनाडमध्ये पूर आलाय, घरात मयत आहे, आणि दफनभूमी पाण्याखाली. सासू आणि सून, उर्वशी आणि पार्वती, पाणी उतरायची वाट बघत बसतात आणि एकेक गोष्ट वर यायला लागते. ऑगस्ट 2024 मध्ये आपली विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून घराघरात शिरली, तेव्हा जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

'ब्रमयुगम' कृष्णधवल आहे, त्यामुळे ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर पडद्यावर मामूट्टीऐवजी आपलाच दिवाणखाना दिसतो. 'मंजुम्मेल बॉइज' मध्येच थांबवू नका. कोडाईकनालच्या गुहेत 2006 मध्ये खरंच घडलेली घटना आहे, मुलगा आत पडल्यावर "चहा टाकू का?" विचारणाऱ्याला खोलीबाहेर काढा.

मत देताना एक पथ्य पाळा. मल्याळम आहे म्हणून डोळे झाकून "मास्टरपीस" म्हणू नका. तिकडेही मारधाड निघते. 'मार्को'ला 'ए' सर्टिफिकेट उगाच नाही, मी अर्ध्यावर सोडला. 'तुडरुम'मध्ये मोहनलाल ॲम्बेसेडर टॅक्सी चालवतो, शोभनाशी कुरबुरतो, तोवर सोनं. पुढे तो सूड घ्यायला लागला की पुन्हा सुपरस्टार होतो आणि माझा रस जातो. ह्यांना नेमका तोच भाग आवडला. 'हृदयपूर्वम'मध्ये पुणं आहे म्हणून आपण उड्या मारल्या, पण तिथलं कुटुंबही मल्याळीच. सत्यन अंतिक्काडचा सिनेमा, गोड आहे, जेवणानंतर बघावा, आणि डुलकी लागली तरी फार काही चुकत नाही.

'लोका'चं कौतुक फार झालं. कळ्ळियंकाट्ट नीली या केरळातल्या यक्षिणीची आजच्या बंगळूरमध्ये आणलेली ही गोष्ट. कल्याणी प्रियदर्शन फार बोलत नाही आणि तेच बरं. नीलीचा भूतकाळ दाखवतात तो तुकडा परत लावून बघण्यासारखा. उत्तरार्धात मात्र पुढच्या भागांची जाहिरात चाललीय असं वाटत राहतं. नातवंडांना दाखवायचा तर शनिवारी दुपारी दाखवा. रात्री लावलात तर झोपवायची जबाबदारी तुमची.