जहाजावर निघालेल्या माणसाला निरोप कसा द्यावा

दापोली-गुहागरच्या बाजूला बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी जहाजावर असतं. माझे यजमान इंजिन विभागात आहेत. लग्न झाल्यापासून त्यांची बॅग भरून त्यांना पाठवायचं काम माझंच. नवीन लग्न झालेल्या मुली मला विचारतात, ‘काकी, निघताना रडू कसं आवरायचं?’ आलं रडू तर येऊ दे. मी त्यांना एवढंच सांगते, की बोलायचं ते सगळं आधीच्या पंधरवड्यात घरातच बोलून घ्या. विमानतळावर जेमतेम बॅग उतरवण्याइतका वेळ मिळतो.

जॉइनिंगची, म्हणजे जहाजावर रुजू व्हायची, तारीख पक्की होण्याची वाट बघत बसू नका. कंपनीतून ‘तयार राहा’ म्हणून फोन येतो, मग जहाज कुठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून पडतं आणि जॉइनिंग पुढे जातं. कधी उलटंही होतं, संध्याकाळी फोन येतो की परवाचं तिकीट आहे. म्हणून मेडिकल झालं की आम्ही लगेच आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन येतो आणि सासूबाईंच्या माहेरी भेटून घेतो. एकदा असं सगळं झालं आणि नंतर तारीख पुढे गेली, तर निरोपाचा घाट पुन्हा घालायचा नाही. त्या दिवसांत त्यांना सरळ हर्णैला मासळी आणायला पाठवावं, मुलांचा अभ्यास घ्यायला लावावा. मिळालेले दिवस साधेपणाने जगले की जाणाऱ्यालाही हलकं वाटतं.

मुलांना परतीची तारीख सांगू नका. करार सहा महिन्यांचा असला तरी त्यात महिना मागे-पुढे धरलेला असतो, आणि बदली माणूस जहाजावर चढल्याशिवाय आपला माणूस उतरत नाही. ‘बाबा दिवाळीच्या आसपास येतील’ हे लहान मुलाला पुरतं. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला आणि तो दिवस तसाच गेला, तर त्याची समजूत काढणं फार जड जातं.

आता कागद. एका दुपारी दोघांनी मिळून बसायचं. पासपोर्ट, सीडीसी (जहाजावरच्या माणसाचं नोंदपुस्तक), करार, मेडिकल आणि पीतज्वराच्या लसीचं कार्ड यांच्या प्रती घरी ठेवा. ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ती शेवटावर टाकू नये. कंपनीच्या क्रू विभागाचा फोन, जहाजाचं नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक लिहून घ्या. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, तरी हा क्रमांक तोच राहतो. पगारातला कुठला भाग कुठल्या खात्यात दरमहा यायचा, ज्याला अलॉटमेंट म्हणतात, ते त्यांच्या तोंडून ऐका. जवळचा नातेवाईक म्हणून फॉर्मवर तुमचा जो नंबर दिलाय, तो घरात रेंज असलेल्या फोनचाच आहे ना, हेही बघा. वाडीत एका कंपनीची रेंज असते, दुसरीची नसते.

सगळ्यात अवघड बोलणं पुढचं आहे, आणि ते टाळूच नये. तो समुद्रात असताना कुठली बातमी कळवायची? त्याला लगेच निघता येत नाही. पुढचं बंदर यायला हवं, बदली मिळायला हवी. आमचं ठरलंय: आईवडिलांचं आजारपण गंभीर असेल तर त्याच दिवशी कळवायचं, डॉक्टर म्हणाले तसंच्या तसं. मुलाचा ताप उतरल्यावर सांगायचं. पंप बिघडला, भाऊबंदकीत बोलाचाली झाली, हे माझं मी बघायचं. तुमचं वेगळं ठरेल, पण ठरवा. लपवलेली बातमी दुसऱ्या कुणाच्या तरी मेसेजमधून त्याच्यापर्यंत पोहोचतेच, आणि मग तो तिथे प्रत्येक फोनला संशयाने ऐकतो. दोघांचं काही बिनसलेलं असेल, तर तेही याच दिवसांत बोलून मोकळं करा.

बॅगेत मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, आंबापोळी. जहाज ऑस्ट्रेलियात धरायचं असेल तर मात्र खाऊ देऊ नका, तिथले नियम फार कडक आहेत. सुकं खोबरं कुठेही जाताना नको. ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही.

निघायच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवावा, थोरांच्या पाया पडावं, हातावर दही द्यावं. म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा निरोप इथेच, अंगणात. मुंबईपर्यंत एकानेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, टर्मिनलच्या दारावर तिकीट आणि पासपोर्ट बघूनच आत सोडतात, आपण बाहेरच राहतो, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न चालू असतात. रात्रभर प्रवास करून आलेली मुलं तिथे रडकुंडीला येतात. पावसाळ्यात किंवा गणपतीच्या दिवसांत महामार्गाचा भरवसा धरू नका, अर्धा दिवस हातात ठेवून निघा.

घरी परतलात की त्याच दिवशी चादरी धुऊ नका, कपाट आवरू नका. शेजारणीला जेवायला बोलवा.

पुढचे काही दिवस फोन आला नाही तर घाबरू नका. नवीन जहाजावर चढल्यावर आधीच्या माणसाकडून काम समजून घ्यायचं असतं, झोपेलाही वेळ नसतो. जहाज कुठे आहे ते दाखवणाऱ्या मोबाइलच्या नकाशावर ते दिसेनासं झालं तरी तसंच, किनाऱ्यापासून लांब गेलं की इथल्या केंद्रांना त्याचा सिग्नल मिळत नाही. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनचा नंबर बहुधा ८७० ने सुरू होतो. हा आकडा सासूबाईंना आणि मुलांना दाखवून ठेवा, नाहीतर फसवणुकीचा फोन समजून कुणीतरी तो कापून टाकेल.